इसार घेण्याआधी

पोराला किंवा पोरीला नोकरीसाठी परदेशी पाठवायचं म्हणून बांधी विकायला काढली असेल, तर इसार घेण्याआधी हे वाचा. एजंटला पहिला हप्ता देऊन झाला असेल तरी वाचा, दुसरा तरी वाचेल.

परदेशी जाण्याला माझा विरोध नाही. अड्याळची, पवनीकडची पोरं नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतातच. त्यातल्या चार-दोघांनी समुद्र ओलांडला तर त्यात वाईट काय? धानाच्या भरवशावर सगळ्यांचं भागत नाही हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण माझं एक म्हणणं आहे आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ज्या देशाला कुशल माणूस खरोखर हवा असतो, तिथला मालक त्या माणसासाठी पैसे मोजतो. बऱ्याच देशांच्या कायद्यातही ते तसंच लिहिलेलं असतं. म्हणून एजंटपुढे बसल्यावर ‘किती लागतील?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘हे पैसे कायद्याने कुणी भरायचे?’

सुरुवात आपल्याच कायद्यापासून करू. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला उत्प्रवास कायदा, १९८३ प्रमाणे केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून परवाना घ्यावा लागतो. असा परवानाधारक एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४००. तेही पावती देऊन. पासपोर्टची फी, वैद्यकीय तपासणी, वकिलातीची व्हिसा फी हे खर्च वेगळे, पण तेही छापील दराचे असतात आणि प्रत्येकाची पावती मिळते. मग ‘सहा लाखांत काम होऊन जाईल, अर्धे आधी, अर्धे व्हिसा लागल्यावर’ असं सांगणारा माणूस कोणत्या हिशेबाने बोलतो? ‘वरपर्यंत द्यावे लागतात’ हे त्याचं ठरलेलं उत्तर असतं. त्या ‘वर’चं नाव लिहून मागा.

एजंटचा परवाना खरा की खोटा हे मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर मोबाइलवरून पाहता येतं. परवाना क्रमांक टाकला की एजन्सीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की निलंबित, सगळं दिसतं. पत्ता मुंबईचा आणि माणूस मात्र भंडाऱ्याच्या भाड्याच्या खोलीत बसून ‘आमची शाखा’ म्हणत असेल, तर मुंबईच्या कार्यालयाला स्वतः फोन लावा, आणि तो नंबर संकेतस्थळावरचा घ्या, त्याच्या कार्डावरचा नको. एक फट मात्र लक्षात ठेवा. ‘आधी शिकायला पाठवतो, मग तिथे नोकरी लागते’ म्हणणारे शिक्षण सल्लागार या परवान्याखाली येत नाहीत. त्यामुळे बरेच दुकानदार आता शिक्षणाचीच पाटी लावतात.

आता अमेरिका. आपल्या भागात परदेश म्हटलं की इंजिनिअर पोरांच्या तोंडी पहिला शब्द एचवनबी हाच येतो. हा व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. दरवर्षी ६५ हजार, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, एवढीच त्याची मर्यादा. विद्यापीठं आणि काही संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत, बाकी सगळ्या जगाने या ८५ हजारांत बसायचं. ज्यांना हे व्हिसा मिळतात त्यांत सुमारे सत्तर टक्के भारतीय असतात, म्हणून आपल्याला वाटतं की ही आपलीच वाट आहे. पण २०२५ च्या मार्चमध्ये पात्र नोंदण्या झाल्या ३,४३,९८१, आणि सोडतीत निवडल्या गेल्या १,२०,१४१. म्हणजे नोकरी देणारा मालक हाताशी असूनही साधारण तिघांतल्या दोघांचं नाव आलं नाही.

ही नोंदणी उमेदवार करत नाही, कंपनी करते. नोंदणीची फी २१५ डॉलर, तीही कंपनीचीच. पुढच्या अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च कामगाराच्या माथी मारायला अमेरिकी कायदा मनाई करतो. कामगार मंत्रालयाकडे कंपनीला लिहून द्यावं लागतं की या पदाला त्या भागात जो पगार चालतो तो आम्ही देऊ, आणि त्या कागदाची प्रत कामगाराला द्यावी लागते. काम नसलं तरी पगार द्यावा लागतो. ‘बेंचवर आहेस, प्रोजेक्ट मिळेपर्यंत थांब’ असं बिनपगारी बसवणं बेकायदेशीर आहे. मुदत संपण्याआधी कंपनीने काढलं, तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्चही कंपनीचा. हे सगळं कामगाराच्या बाजूने लिहिलेलं आहे, तरी आपल्याकडची पोरं ‘कन्सल्टन्सी’ला नोंदणीचे म्हणून लाख-दीड लाख देऊन येतात. का? कारण विचारलं तर संधी जाईल अशी भीती वाटते. जी कंपनी हा प्रश्न विचारल्याने नाराज होते ती पुढे पगाराच्या वेळी काय करेल, एवढं मनाशी ताडून पाहा.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं ते आठवत असेल. १९ तारखेला, शुक्रवारी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला की नव्या एचवनबी अर्जामागे कंपनीने एक लाख डॉलर भरायचे. एक लाख डॉलर म्हणजे नव्वद लाख रुपयांच्या घरात. आदेश लागू व्हायचा होता २१ तारखेला, आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या. मोठ्या कंपन्यांनी सुटीवर गेलेल्या लोकांना तातडीने परत या म्हणून निरोप धाडले. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की ही रक्कम एकदाच आणि फक्त नव्या अर्जांसाठी आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. ऑक्टोबरमध्ये आणखी स्पष्ट झालं: जो अमेरिकेतच शिकतो आहे आणि तिथे राहूनच विद्यार्थी व्हिसावरून एचवनबीवर जातो, त्यालाही साधारणपणे ही रक्कम लागू नाही. आदेश बारा महिन्यांसाठी काढलेला होता आणि त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं, त्यामुळे आज नेमकं काय चालू आहे ते अमेरिकेच्या नागरिकत्व खात्याच्या संकेतस्थळावर पाहा. व्हॉट्सॲपवर फिरणारं जुनं पत्रक धरून निर्णय घेऊ नका.

सोडतीचीही रीत बदलली. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आणि फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाने पगाराच्या चार पातळ्यांप्रमाणे वजन दिलं: सगळ्यात वरच्या पातळीच्या उमेदवाराचं नाव सोडतीत चार वेळा, सगळ्यात खालच्या पातळीचं एकदा. नवखा पदवीधर बहुधा खालच्या पातळीवर असतो. म्हणजे नागपूरच्या कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या पोराला इथूनच थेट एचवनबी ‘करून देतो’ म्हणणारा माणूस, कंपनीने त्याच्यासाठी लाख डॉलर भरायचे आणि वर सोडतीत एकाच चिठ्ठीवर नाव यायचं, अशी गोष्ट विकतो आहे. मला तरी ती खरी वाटत नाही.

जे मास्टर्ससाठी जातात त्यांच्या आईवडिलांना माझं वेगळं सांगणं आहे. शिक्षण संपल्यावर तिथे बारा महिने काम करता येतं, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी चोवीस. मर्यादा आहे ती एवढी तीन वर्षांची. त्या काळात सोडतीत नाव आलं तर ठीक, नाही आलं तर परत. म्हणून कर्ज घेताना हप्त्याचा हिशेब डॉलरच्या पगारावर करू नका. पोरगं परत येऊन नागपुरात किंवा पुण्यात नोकरीला लागलं तर हा हप्ता निघेल का, यावर करा. निघत असेल तर बिनघोर पाठवा. निघत नसेल तर स्वस्त विद्यापीठ, शिष्यवृत्ती, किंवा दोन वर्षं इथे नोकरी करून मग जाणं, हे पर्याय घरात बसून बोला. दिवाळीनंतरच्या मंडईत पाहुण्यांनी ‘पोरगा अमेरिकेत का?’ विचारलं की छाती फुगते हे मला कळतं, पण बँकेचा हप्ता पाहुणे भरत नाहीत.

व्हिसा मिळाल्यावरही मर्यादा संपत नाहीत. तीन वर्षं, वाढवून सहा. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा किंवा निघायचं. ग्रीन कार्डसाठी कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांब की २०२५ च्या अखेरीस २०१३ साली नंबर लावलेल्यांची पाळी चालू होती. लग्नाची बोलणी करताना ‘मुलगा अमेरिकेत सेटल आहे’ म्हणतात, तेव्हा मुलीच्या बापाने व्हिसाची तारीख विचारली तर त्यात उद्धटपणा काही नाही. बायकोला तिथे नोकरी करता येईल की नाही, हेही त्याच बैठकीत विचारावं. एचफोर या जोडीदाराच्या व्हिसावरच्या बायकोला सरसकट कामाची परवानगी नसते; नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तरच मिळते. बीएस्सी-बीएड झालेली पोरगी परक्या शहरात वर्षानुवर्षं घरात बसते, याचा विचार साखरपुड्याआधी व्हायला हवा.

अमेरिकेवर इतकं बोललो, पण खरं सांगायचं तर अड्याळच्या पोरांसाठी त्याहून जवळचा रस्ता जर्मनीचा आहे. तिथे फक्त इंजिनिअर नको आहेत. नर्स, इलेक्ट्रिशियन, फिटर, ड्रायव्हरही हवे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजारांचं उद्दिष्ट सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यायच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. हे आकडे वाचून हुरळून जाऊ नका. दहा हजार हा आकडा उद्दिष्टाचा आहे, नेमणूकपत्रांचा नाही. सरकारी यादीत नाव नोंदवलं म्हणून इथली कामं सोडून बसायचं नाही.

जर्मनीची मर्यादा सोडतीची नाही, भाषेची आणि प्रमाणपत्राची आहे, आणि मला ती जास्त न्याय्य वाटते, कारण तिच्यावर आपल्या मेहनतीचा काही इलाज चालतो. भाषेच्या पायऱ्या ए वन, ए टू, बी वन, बी टू अशा आहेत. नर्सला तिथे पूर्ण परवाना घेऊन काम करायचं तर साधारण बी टू लागतं. मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरीने मनावर घेतलं तर ते जमतं, पण तीन महिन्यांत जमत नाही. ‘बी टू प्रमाणपत्र आम्ही आणून देतो’ म्हणणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नका. वकिलातीत मुलाखत जर्मनमध्ये झाली की खोटं प्रमाणपत्र पाच मिनिटांत उघडं पडतं. गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे मॅक्स म्युलर भवनाची परीक्षा मुंबईत, पुण्यात देता येते. नर्सच्या बाबतीत केरळकडे पाहा: तिथल्या सरकारच्या नोर्का या संस्थेने जर्मन सरकारी यंत्रणांशी मिळून ‘ट्रिपल विन’ नावाची योजना चालवली आहे, आणि तिच्यात नर्सकडून भरतीचे पैसे घेतले जात नाहीत. मालक भरतो. केरळच्या नर्सला फुकट जाता येतं, तर भंडाऱ्याच्या नर्सने पाच लाख का मोजावेत?

आयटीआयच्या पोरांनी एक बारीक गोष्ट नीट पाहावी. १ जून २०२४ पासून जर्मनीने ‘चान्सेनकार्ट’ नावाचं कार्ड सुरू केलं आहे. नोकरी हातात नसतानाही त्यावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि शोधताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. गुणांच्या पद्धतीने किमान सहा गुण लागतात, आणि त्याआधीची अट म्हणजे पदवी किंवा कमीत कमी दोन वर्षांचं, आपल्या देशात मान्यता असलेलं व्यवसाय शिक्षण. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे कोर्स दोन वर्षांचे आहेत. वेल्डर आणि प्लंबर एक वर्षाचे. हात कितीही साफ असला, सनफ्लॅगमध्ये किंवा गडेगावच्या अशोक लेलँडमध्ये कितीही वर्षं काढली असली, तरी एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर या कार्डाचं दार उघडत नाही. दहावीनंतर ट्रेड निवडतानाच हे ठाऊक असलं तर बरं.

या कार्डासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम दाखवावी लागते. २०२५ मध्ये ती महिन्याला १,०९१ युरो धरली होती, म्हणजे वर्षाचे तेरा लाख रुपये आणि थोडे वर. ऐकून छाती दडपते. पण ते पैसे तुमच्याच नावाच्या खात्यात राहतात आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला तुम्हालाच मिळतात. कुणी म्हणालं की ‘रक्कम माझ्या खात्यात टाका, मी दाखवतो’, तर तिथून उठा. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची सरकारी फी ७५ युरो आहे, साधारण आठ हजार रुपये. फी अशी हजारांत असेल आणि मागणी लाखांत, तर मधला फरक कुणाच्या खिशात जातो हे सांगायला नको.

इंग्लंडचं थोडक्यात. तिथला वृद्धांची सेवा करणाऱ्यांचा ‘केअर व्हिसा’ बाहेरच्या नव्या लोकांसाठी २२ जुलै २०२५ ला बंद झाला. त्याच दिवसापासून कुशल कामगाराच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण किमान रेषा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आणि बहुतेक कामांना पदवीच्या तोलाचं पद लागू लागलं. तरीही केअर व्हिसाच्या जाहिराती फिरताना दिसतात. बंद झालेलं दार विकणारे लोक फार गोड बोलतात.

जपानचा ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा व्हिसाही आपल्या पोरांच्या आवाक्यातला आहे. कामाची परीक्षा आणि जपानी भाषेची एन फोर पातळी लागते. पहिल्या प्रकारच्या व्हिसावर एकूण पाच वर्षं राहता येतं, बायको-मुलांना नेता येत नाही. लग्न ठरलेल्या पोराने हे आधी सांगून टाकावं.

आणि ज्यांना कुठलीच परीक्षा नाही, भाषा नाही, ‘डेटा एन्ट्रीचं काम, महिना लाखभर, थायलंड’ असं सांगितलं जातं, त्यांनी जाऊच नये. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून यावर इशारे देत आहे. पोरांना पर्यटक म्हणून थायलंडला उतरवतात, तिथून म्यानमारच्या सीमेपलीकडे नेऊन कोंडतात आणि सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये अशा ५४९ भारतीयांना सरकारने दोन विमानांनी परत आणलं. ओळखायची खूण साधी आहे: नोकरी सांगितली आहे आणि व्हिसा पर्यटकाचा किंवा भेटीचा आहे. ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ हे वाक्य आखातासाठीही तितकंच घातक आहे.

आखातात जाणाऱ्यांपैकी ज्यांची दहावी पूर्ण नाही, त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं, आणि सौदी, कुवेत, कतार, अमिरात अशा अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी त्यांना सरकारची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. ही कटकट वाटते, पण मंजुरीच्या निमित्ताने करार सरकारच्या नजरेखालून जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा होतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. मंजुरी ‘टाळून देतो’ म्हणणारा एजंट त्या पोराचं हे संरक्षणच काढून घेतो.

आपण एवढ्या परदेशी नियमांवर चिडतो, म्हणून सांगतो: आपला देशही परदेशी कुशल माणसाला सहज घेत नाही. भारतात नोकरीचा व्हिसा हवा असलेल्या परदेशी माणसाचा पगार वर्षाला १६.२५ लाखांच्या वर असावा लागतो. इथला माणूस जे काम करू शकतो त्यासाठी बाहेरचा स्वस्तात आणू नये, हा हेतू. अमेरिकेचा, इंग्लंडचाही हेतू थोड्याफार फरकाने तोच. प्रत्येक देश आपल्या पोराची नोकरी आधी पाहतो, आणि निवडणूक जवळ आली की जरा जास्तच पाहतो.

कागदपत्रांची तयारी मात्र आजपासून करा, कुठेही जायचं असो वा नसो. टीसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. दहावीच्या गुणपत्रिकेत नावाचं एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. लग्नानंतर पोरीचं नाव अर्ध्या कागदांवर माहेरचं, अर्ध्यांवर सासरचं. असल्या फरकावर परदेशी कचेऱ्या अर्ज अडवतात. नावबदल राजपत्रात रीतसर छापून घ्या. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका, एजंटच्या नाही आणि ‘जामीन म्हणून राहू द्या’ म्हणणाऱ्या मालकाच्याही नाही. करार ज्या भाषेत आहे ती येत नसेल तर येणाऱ्याकडून वाचून घ्या आणि पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, मुदतीआधी सोडल्यास काय, ही चार कलमं मराठीत लिहून घरात ठेवा.

फसवणूक झालीच, तर लाजेखातर गप्प बसू नका. अड्याळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते; बिनपरवाना भरती हा उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा आहे आणि फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९० आहे. माणूस परदेशात अडकला असेल तर मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवा. सोबत बँकेच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे निरोप, एजंटचं कार्ड, व्हिसाची प्रत जोडा. पैसे रोख दिले असतील तर कोणत्या तारखेला, कुठे आणि कुणाच्या समक्ष दिले, ते त्या साक्षीदाराच्या नावासह लिहा.